एपिलेप्सी जीन पॅनेल: फोकल फिट्ससाठी ही तपासणी कोणी घ्यावी आणि रिपोर्टमध्ये काय बघावं

एमआरआय स्वच्छ, ईईजीत (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात) एकाच बाजूला स्पाइक म्हणजे टोकदार लहरी, दोन औषधं पुऱ्या डोसमध्ये देऊनही फिट येतच आहेत. फोकल एपिलेप्सीच्या, म्हणजे मेंदूच्या एका ठरावीक भागातून फिट सुरू होणाऱ्या प्रकाराच्या, या टप्प्यावर हल्ली तपासण्यांच्या यादीत एपिलेप्सी जीन पॅनेलची, म्हणजे एपिलेप्सीशी संबंधित अनेक जनुकं एकत्र वाचणाऱ्या तपासणीची, भर पडते. रक्ताची एक नळी जाते, काही आठवड्यांनी चार-पाच पानांचा रिपोर्ट येतो. हे परीक्षण कुठल्या एका लॅबचं नसून पॅनेल या प्रकाराचं आहे. मत आधीच सांगून टाकतो: योग्य माणूस निवडला तर ही तपासणी औषध बदलण्याइतकी कामाची ठरते, सरसकट सगळ्यांना लावली तर फाइलमध्ये एक अवघड कागद वाढतो, बाकी काही नाही.

जाहिरातीत पहिला आकडा जनुकांच्या संख्येचा असतो. दोनशे, चारशे, त्याहून जास्त. फोकल एपिलेप्सीच्या रुग्णासाठी हा सर्वांत कमी कामाचा आकडा. मोठ्या पॅनेलमधली बरीचशी जनुकं तान्ह्या बाळांच्या गंभीर एन्सेफॅलोपॅथीची (मेंदूचं कामच बिघडवणाऱ्या आजारांची) किंवा चयापचयाच्या आजारांची असतात. वाढ नीट झालेल्या, शाळा-नोकरी करणाऱ्या फोकल रुग्णात ती सापडायची शक्यता फार थोडी. वर यादी जितकी लांब, तितके अर्थ न लागणारे बदलही जास्त हाती येतात. म्हणून संख्या सोडा, यादी मागवा आणि ठरावीक नावं त्यात आहेत का ते तपासा.

पहिलं नाव डीईपीडीसी५. कौटुंबिक फोकल एपिलेप्सीशी त्याचा संबंध २०१३ मध्ये दाखवला गेला आणि आज फोकल प्रकारात सर्वांत जास्त वेळा सापडणाऱ्या जनुकांत ते मोजलं जातं. त्याची दोन भावंडं म्हणजे एनपीआरएल२ आणि एनपीआरएल३. तिघांची प्रथिनं मिळून गेटर१ नावाचा समूह बनतो आणि तो पेशीतल्या एमटीओआर या वाढीच्या यंत्रणेला लगाम घालतो. लगाम सुटला की चेतापेशी गरजेपेक्षा मोठ्या होतात, थरांची मांडणी बिघडते, आणि कधी कधी त्या जागी फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझिया, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा चुकीचा घडलेला भाग, तयार होतो. या कुटुंबांची खूण मजेशीर आहे. आजोबांना फिट मेंदूच्या पुढच्या फ्रंटल लोबमधून, आत्याला बाजूच्या टेम्पोरलमधून, नातवाला आणखी तिसरीकडून. जागा वेगळी म्हणून आजार वेगळा असं समजून कौटुंबिक इतिहास सोडून दिला जातो, आणि चूक तिथेच होते.

दुसरं नाव एलजीआय१, २००२ सालचा शोध. फिट सुरू होताना घंटा, गुणगुण, आवाज विकृत होणं किंवा समोरच्याचं बोलणं क्षणभर न समजणं, अशी श्रवणाशी जोडलेली सुरुवात असेल तर हे जनुक आधी डोळ्यासमोर यावं. तिसरा गट झोपेतल्या हायपरमोटर (जोरजोरात हातपाय हलणाऱ्या) फिट्सचा: सीएचआरएनए४, सीएचआरएनबी२, केसीएनटी१. यातलं सीएचआरएनए४ हे १९९५ मध्ये सापडलं आणि एरवी निरोगी माणसांच्या कौटुंबिक एपिलेप्सीत ओळखलं गेलेलं ते पहिलं जनुक. मान मोठा, पण प्रत्यक्षात अशा कुटुंबांपैकी थोड्यांमध्येच सीएचआरएनए४, सीएचआरएनबी२ या निकोटिनिक रिसेप्टरच्या (चेतापेशींवरच्या एका संदेशग्राहकाच्या) जनुकांत दोष निघतो. रात्री अचानक उठून पाय मारणं, ओरडणं, अर्ध्या मिनिटात पुन्हा झोपणं याला कित्येकदा वाईट स्वप्न किंवा झोपेत चालणं असं नाव दिलं जातं. पॅनेलच्या आधी झोपेतला व्हिडिओ-ईईजी होणं जास्त महत्त्वाचं.

यांच्याशिवाय यादीत एससीएन१ए, पीसीडीएच१९, जीआरआयएन२ए, पीआरआरटी२, टीएससी१, टीएससी२ आणि पीओएलजी हवीतच. एवढी नावं असतील आणि ती पूर्ण वाचली जात असतील, तर पन्नास जनुकांचं पॅनेलही पुरतं.

पूर्ण वाचली जाणं म्हणजे काय, ते थोडं खोलात बघू, कारण दर्जातला खरा फरक इथे आहे. यंत्र डीएनएचे छोटे तुकडे, साधारण १५० अक्षरांचे, वाचतं आणि संदर्भ क्रमावर बसवतं. एका जागेवर किती तुकडे बसले त्याला खोली म्हणतात. रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात ‘२०एक्सवर कव्हरेज’, म्हणजे किती भाग निदान २० वेळा वाचला गेला, अशी ओळ असते. ती लक्ष्य भागाच्या ९९ टक्क्यांच्या आसपास असावी. नुसती ‘सरासरी खोली’ दिली असेल तर समाधान मानू नका: सरासरी १५० असूनही एखादा एक्सॉन (जनुकातला प्रथिनाची कृती सांगणारा तुकडा) जवळपास रिकामा असू शकतो. कुठल्या जनुकाचा कुठला भाग नीट वाचला गेला नाही, ते नावानिशी सांगणारी लॅब चांगली. ही माहिती मागूनही न देणारी लॅब बाकी कितीही नावाजलेली असो, तिचे गुण आम्ही कापू.

पीआरआरटी२ ही या बाबतीतली कसोटीची जागा. या जनुकातला सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी सलग ९ ‘सी’ अक्षरांच्या रांगेत एक ‘सी’ जास्तीचा शिरणं. रिपोर्टमध्ये तो सी.६४९ड्यूपसी असा लिहितात. एकाच अक्षराच्या रांगेत छोट्या तुकड्यांचं वाचन अडखळतं, शिवाय या भागात जी-सीचं प्रमाण जास्त असल्याने खोलीही घसरते. बाळपणी फिट, मोठेपणी एकदम उठून धावताना हातपाय वाकडे होण्याचे झटके, घरात आणखी कोणाला तसंच, असं चित्र असूनही पॅनेल कोरं आलं, तर ही एक जागा सँगर पद्धतीने, म्हणजे एकेक तुकडा स्वतंत्र वाचणाऱ्या जुन्या पद्धतीने, वेगळी तपासून मागायला हरकत नाही.

दुसरी कसोटी मोठ्या तुकड्यांची. अख्खा एक्सॉन किंवा अख्खं जनुक गळालं असेल तर अक्षरं वाचून ते कळत नाही, खोलीतल्या घसरणीवरून अंदाज बांधावा लागतो. त्याला सीएनव्ही विश्लेषण म्हणतात. ते पॅनेलमध्ये धरलं आहे की वेगळं मागावं लागतं, हे नमुना देण्याआधी विचारा. तिसरी मर्यादा पुनरावृत्ती वाढण्याच्या, म्हणजे डीएनएचा एखादा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा लिहिला जाण्याच्या, आजारांची. सीएसटीबी जनुकातल्या अशा दोषाने होणारी मायोक्लोनिक (अंगाला क्षणिक झटके देणारी) एपिलेप्सी नेहमीच्या पॅनेलला बहुधा दिसतच नाही. तिला वेगळी चाचणी लागते. तो फोकल आजार नाही, पण यादीत सीएसटीबीचं नाव छापलेलं बघून ‘तेही तपासून झालं’ असा गैरसमज होतो.

आता या सेवेचा सर्वांत मोठा दोष. नमुना रक्ताचा आणि बिघाड मेंदूच्या एका छोट्या भागात. टाइप २ फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझियामध्ये अनेकदा जनुकातला बदल गर्भात मेंदू घडत असताना एका पेशीत होतो आणि फक्त तिच्या वंशात उतरतो. एमटीओआर जनुकातले असे बदल २०१५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींमध्ये दाखवले गेले. रक्तात ते नसतातच, त्यामुळे रक्ताचं पॅनेल कितीही उत्तम असलं तरी कोरंच येणार. खुद्द मेंदूच्या तुकड्यातही दोषी डीएनए पुष्कळदा काही टक्केच असतं. गणित सोपं आहे: खोली १०० आणि दोषी अंश २ टक्के, तर दोषाचे तुकडे दोनच मिळणार. दोन तुकडे यंत्राच्या नेहमीच्या चुकीतही निघतात. म्हणून ऊतीच्या तपासणीला हजारांतली खोली आणि सोबत त्याच माणसाचं रक्त तुलनेसाठी लागतं.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर ही गोष्ट आधी बोलून ठेवायची असते. सगळी ऊती फॉर्मॅलिनमध्ये गेली की डीएनएचे तुकडे पडतात, अक्षरं रासायनिकरीत्या बदलतात आणि खोटे दोष दिसू लागतात. पॅथॉलॉजीला लागेल तेवढा भाग फॉर्मॅलिनमध्ये, उरलेल्यातला छोटा तुकडा लगेच गोठवून उणे ८० अंशांवर, ही व्यवस्था ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ठरवून जमत नाही.

गेटर१ आणि टीएससी जनुकांत दोन्ही गोष्टी एकत्र घडू शकतात. एक दोष जन्मतः सगळ्या पेशींत, तो रक्तात दिसतो. दुसरा धक्का नंतर मेंदूतल्या एका ठिकाणी. त्यामुळे सगळ्या अंगात दोष असूनही फिट एकाच जागेतून का, या प्रश्नाचं निदान काही कुटुंबांत तरी उत्तर मिळतं. व्यवहारातला मुद्दा असा की डीईपीडीसी५चा दोष निघाला म्हणून शस्त्रक्रियेचा विचार बाद होत नाही. उलट एमआरआय पुन्हा, ३ टेस्लावर, एपिलेप्सीच्या प्रोटोकॉलने काढून एखादा सूक्ष्म डिस्प्लेझिया नजरेतून सुटला का ते बघावं. आयन चॅनलचा (चेतापेशीत सोडियम-पोटॅशियम आत-बाहेर सोडणाऱ्या दाराचा) दोष, समजा एससीएन१एचा, निघाला तर मात्र शस्त्रक्रियेचा पाय सावधपणे टाकावा, कारण तिथे बिघाड एका जागेपुरता नसतो.

औषधात खरोखर काय बदलतं? इथे सेवा विकणारे थोडं फुगवून सांगतात. ठोस उदाहरणं मोजकी, पण वजनदार आहेत. एससीएन१एचं काम कमी करणारा दोष निघाला तर कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन ही सोडियम चॅनल अडवणारी औषधं फिट वाढवू शकतात. लहानपणी तापात लांबलेल्या, कधी डाव्या तर कधी उजव्या बाजूच्या फिट, आणि मोठेपणी कागदावर ‘फोकल एपिलेप्सी, औषधाला दाद नाही’ एवढंच, अशा प्रौढ रुग्णात हे निदान वर्षानुवर्षं लपून राहतं. पीओएलजीचा आजार असेल तर व्हॅल्प्रोएटने यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. डोक्याच्या मागच्या भागातून सुरू होणाऱ्या, थांबता न थांबणाऱ्या फिट असलेल्या मुलात व्हॅल्प्रोएटआधी हा विचार व्हायलाच हवा. पीआरआरटी२मध्ये कार्बामाझेपिनचा छोटा डोसही छान लागू पडतो. टीएससी१, टीएससी२च्या दोषाने होणाऱ्या ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारातल्या फोकल फिट्ससाठी एव्हरोलिमसला अमेरिकेत २०१८ मध्ये जोड-औषध म्हणून मान्यता मिळाली. एमटीओआरच्या साखळीवर थेट काम करणारं ते औषध आहे. पण तोच तर्क लावून गेटर१च्या प्रत्येक रुग्णाला ते द्यावं, असा पुरावा अजून उभा राहिलेला नाही.

तर्क बरोबर आणि औषध फसलं, याचा नमुना म्हणजे केसीएनटी१. या दोषाने पोटॅशियम चॅनल जास्त उघडा राहतो, क्विनिडिन तो अडवतं, म्हणजे उत्तर सापडलं असं वाटलं होतं. झोपेतल्या फ्रंटल फिट्सच्या प्रौढ रुग्णांवरच्या छोट्या नियंत्रित चाचणीत फायदा दिसला नाही, हृदयाच्या लयीचे दुष्परिणाम मात्र दिसले. रिपोर्टच्या तळाशी ‘संभाव्य लक्ष्यित उपचार’ असा चौकोन असेल तर तो वाचताना ही गोष्ट आठवावी.

नुसतं जनुकाचं नाव पुरत नाही, दोषाची दिशाही कळावी लागते. एससीएन२ए घ्या. जन्मानंतरच्या पहिल्या ३ महिन्यांत फिट सुरू करणारे दोष बहुधा चॅनलचं काम वाढवणारे, तिथे सोडियम चॅनलची औषधं उपयोगी. उशिरा सुरू होणाऱ्यांत बहुधा काम घटलेलं, तिथे तीच औषधं बिघडवणारी. जनुक एक, सल्ला उलटा.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर दोषाचा वर्ग दिलेला असतो. २०१५ च्या अमेरिकन एसीएमजी निकषांप्रमाणे पाच वर्ग: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. पहिल्या दोन वर्गांवर उपचाराचे निर्णय घेता येतात. मधला वर्ग, ज्याला सगळे व्हीयूएस म्हणतात, तो या सेवेचा डोकेदुखीचा भाग. व्हीयूएस म्हणजे सौम्य दोष नाही आणि अर्धं निदानही नाही. त्याच्या जोरावर औषध बदलायचं नाही, नातेवाइकांना तपासायचं नाही, गर्भजल तपासणी तर अजिबात करायची नाही. डीईपीडीसी५मध्ये तर हे फारच जपावं लागतं. प्रथिन मधेच तोडणारे दोष तिथे बहुतेक वेळा खरे ठरतात, पण एकच अमिनो आम्ल बदलणारे मिसेन्स बदल निरोगी माणसांतही भरपूर सापडतात. शिवाय ज्या लोकसमूहांचे नमुने सार्वजनिक डेटाबेसमध्ये कमी आहेत, त्यांच्यात साधा स्थानिक बदलही ‘दुर्मीळ’ दिसून व्हीयूएसच्या खात्यात पडतो.

यावर उपाय आईवडिलांचे नमुने. रुग्णात दोष आहे, दोघांतही नाही, आणि नातं प्रयोगशाळेत पडताळलेलं आहे, तर तो दोष नव्याने झालेला. पुराव्याचं वजन एकदम वाढतं. उलटं मात्र तितकं सरळ नाही. डीईपीडीसी५ किंवा एलजीआय१चा दोष निरोगी वडिलांत सापडला म्हणून तो निर्दोष ठरत नाही, कारण दोष असलेल्यांपैकी साधारण दोनतृतीयांश जणांनाच फिट येतात. यातूनच पुढच्या पिढीचं गणित निघतं: दोष उतरण्याची शक्यता निम्मी, उतरला तर फिट येण्याची अंदाजे दोनतृतीयांश, म्हणजे मूल आजारी असण्याची शक्यता सुमारे एकतृतीयांश. ‘पन्नास टक्के’ ऐकून घाबरलेल्या जोडप्याला हा फरक समजावून सांगणारा समुपदेशक सेवेत धरलेला आहे का, हेही विचारा. पीसीडीएच१९चं गणित आणखी वेगळं. दोष एक्स गुणसूत्रावर, पण आजार मुख्यतः मुलींना. वडील दोष बाळगूनही बहुधा धडधाकट.

पॅनेल घ्यावं की एक्सोम, म्हणजे सगळ्याच जनुकांचे प्रथिन बनवणारे भाग वाचणारी तपासणी? अमेरिकेतल्या जनुकीय समुपदेशकांच्या संघटनेने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या: कारण न सापडलेल्या एपिलेप्सीत आधी एक्सोम किंवा जीनोम (संपूर्ण डीएनएचं वाचन), नाहीतर २५ हून जास्त जनुकांचं पॅनेल. त्यामागच्या आढाव्यात निदान मिळण्याचं प्रमाण जीनोममध्ये ४८ टक्के, एक्सोममध्ये २४, पॅनेलमध्ये १९ आणि क्रोमोसोमल मायक्रोअॅरेमध्ये (गुणसूत्रांचे गळालेले किंवा जास्तीचे तुकडे शोधणाऱ्या तपासणीत) ९ टक्के निघालं. हे आकडे विक्रीच्या पत्रकात हमखास दिसतात. पण ते एपिलेप्सीच्या सगळ्या प्रकारांचे आहेत. विकासात अडचण असलेल्या, लहान वयात फिट सुरू झालेल्या मुलांमध्ये निदान जास्त मिळतं. तिशीत पहिली फिट आलेल्या, बाकी सगळं ठीक असलेल्या फोकल रुग्णाने हे प्रमाण स्वतःला लावू नये. आमची पसंती अशी: घराण्यात चित्र स्पष्ट असेल तर चांगलं वाचलेलं पॅनेल, विकासात अडचण, ऑटिझम किंवा जन्मजात व्यंग सोबत असेल तर आईवडिलांसह एक्सोम. एक्सोमच्या संमतिपत्रावर कर्करोग किंवा हृदयविकाराशी संबंधित अनपेक्षित निष्कर्ष कळवायचे का, असा रकाना असतो. तो घाईत भरू नका.

कोणाला ही तपासणी सुचवणार नाही? पक्षाघात, डोक्याची जखम, गाठ किंवा मेंदूतल्या जंतुसंसर्गानंतर सुरू झालेल्या, कौटुंबिक इतिहास नसलेल्या फोकल एपिलेप्सीला. तिथे कारण हातात आहे.

नमुन्याच्या बाबतीत चुका साध्या असतात आणि तरी होतात. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत २ ते ४ मिली रक्त, नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची. हिरव्या टोपणाची हेपरिनची नळी नको, हेपरिन पुढच्या प्रक्रियेत अडथळा आणतं. रक्त फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही. लाळेचा नमुना असेल तर आधी अर्धा तास खाणंपिणं बंद. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्याच्या रक्तात दात्याचा डीएनए येतो आणि लाळेतही तो मिसळतो, अशा वेळी त्वचेच्या पेशी घ्याव्या लागतात. फॉर्मवर ‘एपिलेप्सी’ एवढाच शब्द लिहून पाठवू नका. सुरुवातीचं वय, फिटचं वर्णन, ईईजी, एमआरआय, घरातल्या तीन पिढ्या. विश्लेषक हजारो बदलांतून निवड याच माहितीवर करतो.

फॉर्मवरची एक गल्लत मुद्दाम सांगण्यासारखी. एलजीआय१ नावाच्या दोन पूर्णपणे वेगळ्या तपासण्या आहेत. एक जनुकाची. दुसरी त्याच प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची, जी मध्यमवयीन-वयस्कांत अचानक विस्मरण आणि चेहरा-हात क्षणभर आखडण्याच्या झटक्यांत करतात, आणि ती आढळली तर इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला आवर घालणारे उपचार) लवकर सुरू करावी लागते. अँटिबॉडीऐवजी जनुकाची तपासणी गेली तर काही आठवडे वाया जातात, आणि त्या आजारात तेवढा उशीर महागात पडतो.

पॅनेलसोबत जोडून विकल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी एचएलए-बी*१५:०२ या प्रतिकारशक्तीच्या जनुकाच्या एका प्रकाराची तपासणी उपयोगी आहे. ती आजाराचं कारण सांगत नाही. आशियाई वंशाच्या लोकांत कार्बामाझेपिनने त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया येण्याचा धोका सांगते, म्हणून ती औषध सुरू करण्याआधी करायची, नंतर नाही. ‘पॉलिजेनिक रिस्क स्कोअर’, म्हणजे अनेक छोट्या जनुकीय फरकांची बेरीज करून काढलेला धोक्याचा आकडा, मात्र फोकल रुग्णाने घेऊ नये. २०२३ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एपिलेप्सीशी जोडलेल्या डीएनएतल्या २६ जागा सापडल्या, त्यातल्या १९ जनरलाइज्ड (मेंदूच्या दोन्ही बाजूंत एकदम फिट सुरू होणाऱ्या) प्रकारापुरत्या होत्या. फोकलच्या बाजूला अशा स्कोअरचा पाया कच्चा आहे.

रिपोर्ट कोरा आला की फाइल बंद करू नका. ‘निगेटिव्ह’ याचा अर्थ इतकाच की या यादीत, या खोलीवर, आजच्या माहितीप्रमाणे काही सापडलं नाही. कच्च्या डेटाची फाइल लॅबकडून मागून घ्या, संदर्भ क्रमाची आवृत्ती जीआरसीएच३७ की ३८ ते लिहून ठेवा, आणि दोनेक वर्षांनी किंवा फिटचं स्वरूप बदलल्यास त्याच डेटाचं पुनर्विश्लेषण करून मागा. त्यासाठी नवीन रक्त लागत नाही. पॅनेलचा डेटा मात्र त्या यादीपुरताच असतो. नव्याने सापडलेलं जनुक त्यात नसेल तर पुन्हा पहिल्यापासून एक्सोम करावं लागतं.